दुसरी किल्ली

आजच्या समारंभाचे अध्यक्ष माननीय श्री. परीक्षित सामंत, व्यासपीठावर बसलेल्या आपल्या मंडळाच्या सचिव अश्विनीताई, उद्यापासून खजिनदारपद सांभाळणारी आमची रिचेल, हमद टाउन, मनामा आणि झल्लाकहून सुट्टीचा शुक्रवार मोडून आलेल्या माझ्या बंधूंनो आणि भगिनींनो, आणि मागे बिर्याणीच्या पातेल्यांपाशी उभ्या असलेल्या तरुण मंडळींनो, तुम्हा सगळ्यांना विल्फ्रेड तुस्कानोचा मनापासून नमस्कार.

बसून बोललो तर चालेल ना? गुडघे कुरकुर करतात. बावीस वर्षं झाली इथे बहरीनमध्ये. रविवारचं फ्लाइट आहे. आमच्या हिने, मॅगीने, बॅगेचं तीनदा वजन केलं, तरी चार किलो जास्तच भरतंय. थकलो हो. खरं सांगायचं तर आज इथे यायचंही जिवावर आलं होतं. ते का, ते सांगतो, जरा दम धरा.

परीक्षितभाऊंनी आत्ता माझं इतकं कौतुक केलं की मला वाटलं, मी वारलो की काय! एकोणीस वर्षं एकट्याने मंडळाची पेटी सांभाळली, एक फिल्स इकडचा तिकडे झाला नाही, असं म्हणाले. रजिस्टर बघाल तर ते खरंच आहे. आणि मग त्यांनी शाल द्यायला कोणाला बोलावलं? मालूवहिनींना. वहिनी, तुम्ही शाल घातलीत तेव्हा मी मान खालीच घातली होती. लोकांना वाटलं, म्हातारा गहिवरला.

तर आता माझ्या पहिल्या नोकरीबद्दल बोलतो. इथल्या बऱ्याच जणांना ठाऊक नाही. आपल्या या देशात कॅसिनो नाही, कायद्यानेच नाही, आणि बरंच आहे ते. पण बहरीनला यायच्या आधी आठ वर्षं मी गोव्यात, मांडवीवर उभ्या असलेल्या एका जहाजावरच्या कॅसिनोत होतो. आमची आई वसईत चर्चच्या दारात सांगायची, "विली बोटीवर आहे." कुठल्या बोटीवर, ते तिने मरेपर्यंत कुणाला सांगितलं नाही.

मी केजमध्ये होतो. केज म्हणजे गजांची खिडकी असलेली कॅशियरची खोली. गिऱ्हाईक नोटा देतं, आम्ही चिप्स देतो. चिप्स परत आणतं, आम्ही नोटा देतो. बहुतेक जण परत काही आणतच नाहीत, तो भाग वेगळा. पण त्या पैशाची राखण कशी असते सांगू? टेबलावर कुणी नोटा दिल्या तर पत्ते वाटणारा डीलर त्या पसरून आधी वरच्या कॅमेऱ्याला दाखवणार, मग टेबलाखालच्या पेटीत सारणार. ती पेटी टेबलापासून सोडवायची किल्ली एका खात्याकडे, उघडायची किल्ली दुसऱ्या खात्याकडे. मोजायच्या खोलीत तिघं जण, तिघांच्याही अंगात बिनखिशाचे झगे. टेबल काचेचं, खाली हात गेला तरी दिसावा म्हणून. एकाने मोजलं की दुसऱ्याने पहिल्याचा आकडा न बघता पुन्हा मोजायचं. नाक पुसायचं असलं तरी आधी दोन्ही हात उलटसुलट करून कॅमेऱ्याला दाखवायचे.

ती सवय अजून गेलेली नाही. कोपऱ्यावरच्या कोल्ड स्टोअरच्या दुकानात दुधाचे पैसे दिले तरी माझे हात आपोआप उलटे होतात. तुमची पोरं हसतात, "अंकल इज डुइंग मॅजिक" म्हणतात. हसू देत.

आमच्या कॅमेऱ्यांवर नुसरत मॅडम होत्या, हुबळीच्या. एकदा माझी पन्नास हजारांची तूट आली. मॅडमनी रेकॉर्डिंग मागे नेलं आणि चहा संपायच्या आत सांगितलं, "ड्रॉवर बाहेर काढ, बंडल मागच्या फटीत पडलंय." होतं तिथेच. तरी माझा राग गेला नाही. मी म्हटलं, "मॅडम, आठ वर्षं झाली. अजून माझ्यावर विश्वास नाही?" त्या म्हणाल्या, "आहे रे बाबा. म्हणूनच तुला पैशांपाशी एकटं सोडत नाही." तेव्हा मला ते बोलणं टोचलं होतं. कळायला पुढे फार वर्षं गेली.

इथे आलो, झल्लाकच्या हॉटेलात कॅशियर झालो, आणि तीन वर्षांनी तुम्ही मला मंडळाची पेटी दिलीत. नव्या लोकांसाठी सांगतो. आपल्यातले कित्येक जण फ्री व्हिसावर, मागे कंपनी नाही. असा माणूस गेला तर त्याला गावी पोचवायचं कोणी? म्हणून दर घरटी महिन्याला दोन दिनार. आणि रोख, कारण माणूस काही बँकेचा वार बघून मरत नाही.

पहिल्याच सभेत मी म्हटलं होतं, पेटीला दोन कुलपं लावा, दुसरी किल्ली दुसऱ्याकडे द्या. आठवतंय, परीक्षितभाऊ? तुम्हीच म्हणालात, "अहो तुस्कानो, तुम्ही काय परके आहात? तुमच्यावर संशय घ्यायचा आम्ही?" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या वर्षी विचारलं, तेच. चार-पाच वर्षं विचारलं आणि मग सोडून दिलं. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायला लागलं होतं. माणूस कौतुकाला सोकावतो.

आता सात वर्षांपूर्वीचा मार्च. हॉटेलचा पगार दोन महिने रखडला होता. आमच्या क्रेगची पुण्याला इंजिनिअरिंगची फी भरायची शेवटची तारीख आली. पेटीत सहाशे चाळीस दिनार होते. त्यातले चारशे मी घेतले.

हो. घेतले. बसा, परीक्षितभाऊ, बसा. मला पुरं बोलू द्या, पुन्हा हिंमत होणार नाही.

आठ दिवसांत परत ठेवतो, असं मीच मला सांगितलं. कुणाला विचारायचं नव्हतं, कुणाला दाखवायचं नव्हतं. पेटी मिटली आणि सवयीने मी हात उलटसुलट केले, वर बघितलं. वर आमचा पंखा होता.

चौथ्या दिवशी बाळाजी गेला. मालूवहिनींचा नवरा. हमद टाउनला एका घराचा एसी दुरुस्त करत होता, शिडीवरून उतरला, पाणी मागितलं आणि खाली बसला तो उठलाच नाही. शवपेटी, विमानाचं भाडं, बाकीचा खर्च, सगळं मिळून सहाशेच्या वर जात होतं. माझ्याकडे होते दोनशे चाळीस.

तेव्हा मी तोंड उघडायला हवं होतं. या हॉलमधल्या दहा जणांनी तासाभरात पैसे काढून दिले असते. पण मग एकोणीस वर्षांच्या टाळ्यांचं काय झालं असतं? तेव्हा बाराच झाली होती म्हणा. वहिनी, तुम्ही शवागाराबाहेरच्या बाकावर बसला होतात. मी तुम्हाला म्हटलं, "न्यायच्या परवानगीचा पेपर अडकलाय वहिनी, इंशाल्ला उद्या येईल." दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. पेपर अडकला नव्हता. पहिल्याच दिवशी दुपारी मिळाला होता. मी तुमच्याशी बोलत होतो तेव्हा तो माझ्या शर्टाच्या खिशात होता.

आणि तुम्ही काय केलंत? थर्मासमधला चहा मला ओतून दिलात. म्हणालात, "भाऊ, तुमची किती धावपळ होते आमच्यासाठी."

मॅगीने काही न विचारता हातातल्या बांगड्या काढून दिल्या. बाब अल बहरीनच्या सोन्याच्या बाजारात त्या विकल्या आणि चौथ्या दिवशी बाळाजी निघाला. पेटीतले चारशे तेव्हाच भरून निघाले, म्हणून रजिस्टर बरोबर आहे. पण पहिल्या दिवशी मी गावी फोन करून निघा म्हटलं होतं. गुहागरहून त्याच्या भावांची जीप मुंबईच्या विमानतळावर आली आणि रिकामी परत गेली. चार दिवस त्या घरात चूल पेटली नाही. म्हातारे आईवडील दारात बसून होते. हे कुठल्या रजिस्टरात लिहायचं?

मी फादरांकडे कन्फेशन केलं. फादरांनी माफ केलं. पण त्या बाकावर फादर बसले नव्हते, वहिनी बसल्या होत्या. सात वर्षं मी यांना टाळत आलो. बस स्टॉपवर दिसल्या की गाडी दुसऱ्या राउंडअबाउटवरून वळवायचो. आज न सांगता विमानात बसलो असतो तर कुणालाही कळलं नसतं. शाल घेऊन, नारळ घेऊन गेलो असतो. ते काही जमेना.

रिचेल, तुझ्याकडे ही पेटी येतेय. तू गुणी पोरगी आहेस, सगळे तुझ्यावर विश्वास टाकतील, आणि त्याचीच मला भीती वाटते. ही नवी पेटी मी माझ्या पैशाने आणली आहे. हिला दोन कुलपं आहेत. एक किल्ली तुझी, ही घे. दुसरी मी इथे टेबलावर ठेवतो. ती मालूवहिनींकडे असावी, अशी माझी मंडळाला शेवटची विनंती आहे. त्यांनी ती घ्यायची की माझ्या तोंडावर फेकायची, ते त्यांनी ठरवावं. ही शालही किल्लीशेजारी घडी करून ठेवतो.

आपण सर्वांनी मला इतकी वर्षं सांभाळलंत, अन्न दिलंत, मान दिलात, त्याबद्दल मंडळाचे, अध्यक्षांचे आणि तुम्हा सगळ्यांचे आभार. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पदरात घ्या, असं म्हणून भाषण संपवायची आपली रीत आहे. पण बोलण्यात आज काही कमीजास्त झालेलं नाही. अश्विनीताई, तुमचं पेन थांबलंय. लिहा, सगळं लिहा. क्षमा मागतोय ती त्या तीन दिवसांची, आणि ती मंडळाकडे नाही. वहिनी, ती फक्त तुमच्याकडे.