कूकर नव्हता, लॅपटॉप होता

माझ्यावर कोणी विश्वासच ठेवला नाही बघा. आम्ही सासरच्या चौघी बायका कानाला हेडफोन लावून राक्षस मारायचा ऑनलाइन खेळ खेळतो. जखमींना बरं करायचं काम माझं. ऐन लढाईत माझा जुना लॅपटॉप अडकला आणि आम्ही सगळ्या मेलो. शिवाजी पार्कच्या घरून मोठ्या नणंदबाई, वंदनावन्सं, कानात ओरडल्या, "कूकर बंद करायला उठलीस ना गं? परत असं केलंस तर तुझ्या जागी दुसरी घेऊ!"

लॅपटॉप अडकला, हे सांगून सांगून दमले. शेवटी लेकीला घेऊन दादरला दुकानात गेले.

दुकानदार म्हणाला, "मावशी, हा घ्या. हलका आहे, रेसिपी बघायला मस्त."

"रेसिपी मला येतात. मला राक्षस मारायचाय. यावर खेळ लावून दाखव."

लेक कुजबुजली, "आई, असं नाही करत कोणी."

"अगं, कल्ला उघडून बघितल्याशिवाय मी बांगडा घेत नाही!"

खेळ चालू ठेवून एकेका लॅपटॉपखाली हात धरला. नाजूक दिसणारे तव्यासारखे तापले, म्हणजे तेही अडकणार. एक जाडजूड तेवढा गार राहिला. तोच उचलला.

रविवारी परत तोच राक्षस. माझा लॅपटॉप कसा झक्कास चालला होता! राक्षस आता पडणार, एवढ्यात सगळ्यांच्या कानात कूकरची शिट्टी वाजली. आमची पुढची तलवारवाली जागची हलेना. परत सगळ्या मेलो.

माझ्या गॅसवर तर चहासुद्धा नव्हता. मी गोड आवाजात विचारलं, "गॅस बंद केलात का हो, वंदनावन्सं?"