करडीच्या तेलावरचा टेम्पो

न्हाई म्हणजे न्हाई. खायला तेल पायजे आसंल तर देते, तुझ्या अंजनाला म्हणावं डबा घेऊन ये, मी मापाच्या वर ओतीन — पण टेम्पोत घालायला न्हाई. ठीव तो कॅन खाली. आन मावशी-मावशी करू नको, रामकिसन. माझ्या भारतनं हेच तेल टेम्पोत घातलं तवा दूध सोसायटीच्या ओट्यावर बसून तूच हसत होतास ना — आली बघा भज्याची गाडी, म्हणून? आता तुझाच टेम्पो उभा राहिला तवा छबुबाईचा घाणा आठवला व्हय! पंपावर रांग हाय? असणारच की. दुष्काळात डिझेल आधी पाण्याच्या टँकरला, उरलं तर दुधाच्या गाडीला, हे काय आजचं हाय? त्या साली बी आसंच होतं. तवा तुमी सगळे कपाळाला हात लावून बसलात, आन माझं पोरगं डोकं लावत बसलं.

त्याच्या आदल्या सालापासनंच पाऊस न्हाई — कापूस जळला, ज्वारी हातभर वाढून वाळली, काळ्या रानात तेवढी करडी उभी राहिली. तिचं काय, वरून थेंब न्हाई पडला तरी खालच्या ओलीवर येती. गावात दुसरं होतं काय? घरात साठवलेली करडी, आन चारा-छावणीतली जनावरं. त्या जनावरांचं दूध सिरसाळ्याच्या पुढं शीतकेंद्रावर पोचलं तरच चूल पेटायची. मंग भारत म्हणला, आई, घाण्यातलं तळाचं जे राहतं — गाळाचं, खायला कुणी घेत न्हाई ते — ते मला दे. मी म्हणले, मुडद्या, काय करायचंय त्याचं? म्हणला, टेम्पोत घालतो. मी शिव्या दिल्या. लई दिल्या. आन मंग माझंच जुनं लुगडं फाडून त्याला गाळून बी दिलं — परत परत गाळून — कण राहिला की इंजनाच्या घशात अडकतो म्हणायचा. तुला काय वाटतंय, नुसतं ओतलं की पळती गाडी? ऐक. सीटमागं दुसरी टाकी, पायाशी कॉक. सुरू करायची डिझेलवर, तेवढं घोटभर डिझेल लागतंच. इंजन तापलं की कॉक फिरवायचा, तेलावर घ्यायची. आन बंद करायच्या आधी — हे ध्यानात ठीव — परत डिझेलवर आणायची, नळीतलं तेल जळू द्यायचं, मंगच चावी फिरवायची. गरम हाय तवर तेल पातळ. थंडीत गार झालं की नळीत घट्ट बसतं, मंग धक्का मार न्हाई तर नवस बोल, ती चालू व्हत न्हाई. जेवताना सुदिक हेच घोकायचा तो. सोसायटीतल्या सगळ्यांला सांगितलं होतं त्यानं. तुला बी सांगितलं होतं.

आन चालली की गाडी! दिवाळीपासनं चालली, एक खेप चुकली न्हाई. मंग चेअरमन मोहनरावाला कुणीतरी सांगितलं, पेपरात फोटू येईल. झालं. पौषातली थंडी, बोटं वाकत न्हाईत, वस्त्यांवरचं दूध घेऊन गाडी दारात आलेली, इंजन तापलेलं, तेलावर — आन ह्यांचा सत्कार! शाल काय, नारळ काय, हार काय. भारत म्हणत होता, साहेब, उशीर व्हतोय, दूध हाय गाडीत. तर मोहनराव म्हणतेत, आरे दोन शब्द तर बोलू दे! भारत गाडी चालूच ठेवून उतरला. चालूच! शाल घ्यायला वाकला. तेवढ्यात माइक हातात आला, आन मोहनरावाला गाडीच्या भडभडीत स्वतःचाच आवाज ऐकू येईना. त्यांनी नुसता हात वर केला — आन गाडी बंद झाली. मोहनरावाचा हात वर गेला की ह्या गावात बोलणारा माणूस बी बंद व्हतो, गाडीचं काय घेऊन बसलास! आन दोन शब्द म्हणले त्यात सहकार आला, शेतकरी आला, स्वावलंबन आलं, नातवाचं शिक्षण आलं. भाषण संपलं तवर इंजन गार. मंग व्हती का चालू? गावानं ढकलली, बॅटरी बसली, दुसरी गाडी येईस्तवर ऊन डोक्यावर. केंद्रानं दूध परत लावलं. नासलं म्हणले. छावणीत पेंडीच्या मुठीसाठी भांडून काढलेलं दूध, ओढ्यात ओतलं. दूध घालणारी कडूबाई काठाला बसून रडत होती, मी बघितलंय माझ्या डोळ्यानं.

आन सकाळी ज्यांनी शाल घातली तेच सांजच्याला म्हणले, भारतनं खुळापायी गावाचं दूध घालवलं. मीटिंग भरली. मोहनरावांनी विचारलं, गाडी बंद कुणी केली? पोरगं उभं राहिलं आन म्हणलं, मीच केली, कॉक फिरवायचा इसरलो. इसरलो! जेवताना घोकणारा माणूस! त्याची खेप काढून घेतली, आन दिली कुणाला — तुला. मी काय बोलले का तवा? तुझ्या नव्या टेम्पोची पूजा झाली तवा ववाळायला सुदिक आले मी. आन तू — तुला कायीच वाटलं न्हाई, माझ्या पोराची चालू गाडी चावी फिरवून बंद करताना, आन आज माझ्याच दारात कॅन घेऊन —

काय बघतोस आसा? कायी न्हाई. मी कायी बोलले न्हाई.

आरे देवा. शपथ घातलती त्यानं मला, स्वतःची शपथ, आई कुणापाशी काढू नको म्हणून. आता निघालं तोंडातून, आता ऐक. बघितलं होतं त्यानं. शाल खांद्यावर घेऊन वळला तर चावी फिरवून तुझा हात गाडीच्या खिडकीतून बाहेर येत होता. तुला वाटत आलं ना, त्याला ठावं न्हाई? भोळा हाय, त्याला वाटलं आसंल आपणच बंद केली? सगळं ठावं होतं. माझ्यापाशी येऊन म्हणला, आई, रामकिसन सोसायटीत नुकता दूध मापायला लागलाय, अंजनाचे दिवस भरत आलेत, त्याचं नाव निघालं तर मोहनराव त्याला दारात उभा करायचे न्हाईत. आपला घाणा तरी हाय, मी निभावतो. निभावलं त्यानं! गुजरातेत कुठं दुसऱ्याचा ट्रक हाकतोय. बापाच्या वर्षश्राद्धाला आला न्हाई. फोनवर म्हणतो, ज्या गावाचं दूध मी नासवलं तिथं कोणत्या तोंडानं येऊ — मी नासवलं म्हणतो! तुमचं ऐकून ऐकून त्याचं त्यालाच खरं वाटाया लागलंय. मला तुझा राग येतो, मोहनरावाचा येतो, पण सगळ्यात जास्ती त्याचाच येतो, रामकिसन. आई एकटी घाणा हाकती हे त्याला दिसलं न्हाई, तुझी अंजना दिसली. आन तरी त्याचा फोन आला की मी म्हणते, जेवलास का रे.

काय म्हणलास? नंबर? कशाला पायजे त्याचा नंबर? फोन लावशील, दादा चुकलं म्हणशील, आन तो काय म्हणंल ते मी आत्ताच सांगते. जाऊ दे रे, म्हणंल. पोरगी कशी हाय तुझी, म्हणंल. तू मोकळा. न्हाई. नंबर न्हाई मिळायचा. सोसायटीची मीटिंग हाय ना उद्या? मोहनराव असतील, सगळं गाव आसंल. तो जिथं उभा राहिलता तिथं उभा राहा आन सांग, चावी मी फिरवली. मंग गावानं त्याला बोलावू दे, आन बघू तो कसा येत न्हाई.

मोहनराव काय म्हणतील? आसं इचारतोस? मान वर करून इचार की. माझ्या पोरानं न्हाई इचारलं हे, तुझ्यासाठी उभा राहताना. ऊठ. त्यानं तुला कवाच सोडून दिलंय, मी न्हाई सोडलेलं. ऊठ म्हणते ना, जा.