साधी गाडी लिही

—न्हाय, पण पायरी का काढली म्हणते मी? तुमच्या शोरूममधल्या ह्या साध्या गाडीला पायरी हाय. मधलीला हाय. आणि सगळ्यात वरच्या गाडीला, जिला जादा मोजायचे, तिलाच न्हाय? दगडाला घासती म्हणून? कुठला दगड गं? मी रोज सकाळी कोल्हापुरातनं निघते, वारणानगरला शाळेवर जाते — साडी नेसून, खांद्याला पर्स, एका हातात डबा, एका हातात पोरांच्या वह्यांची पिशवी — त्या रस्त्यावर मला दगड कुठला भेटणार? खड्डे भेटत्यात, ते सगळ्यांनाच भेटत्यात, त्याला काय ही गाडी लागत न्हाय. चढून दाखव बघू तू. तुझा आपला पंजाबी ड्रेस हाय, तू चढशील. मी चढले तर एक पाय आत, एक पाय भुईला, आणि अख्खी शाळा बघत उभी. — बस गं, बस. उभी कशाला राहतीस? तुमची साहेब लोकं येईस्तोवर कोण काय बोलत न्हाय तुला. नाव काय तुझं? अरीबा? चांगलं हाय की. कुठली? जयसिंगपूरची? रोज जाऊन-येऊन करतीस? यष्टीनं? मग तुला सांगायला नको, रोजचं जाणं-येणं म्हणजे काय असतंय ते.

आता मला सांग, ही गाडी रोज चालवणार कोण? मी. ह्यांचं दुकान लक्ष्मीपुरीत, हे स्कूटरवर जात्यात, जेवायला स्कूटरवर येत्यात, तिथं गाडी लावायची म्हटली तर दुकानातच लावाय लागंल. रोज गाडी मीच काढणार, मीच लावणार, मीच पेट्रोल घालणार. आणि टेस्ट ड्राइव्हला गेलं कोण? हे. संगं दोन दोस्त. आणि पुढं तुमचा तो टायवाला पोरगा. मला म्हणाले, क्रांती, तू बस एसीत, सरबत पी. मागच्या सीटवर अजून एकीची जागा हुती की, मी बघितली ना, पण दोस्तांनी पाय पसरलेले, मग आपण कशाला बोला? बसले इथं. प्याले सरबत. गोडच हुतं जरा.

ह्यांना काय पायजे, तुला ठाऊक हाय? तो दांडा. गिअरच्या शेजारचा, फोर बाय फोरचा, चारी चाकांना ओढायला लावणारा. दोन महिने झाले, घरात दुसरं बोलणं न्हाय — जेवताना ताटाशेजारी मोबाईल उभा करायचा, त्यात गाडी नदीतनं चाललीया, गाडी वाळूतनं चाललीया, गाडी एका चाकावर उभी हाय, आणि हे आपले घास हातात धरून बघत बसलेत. म्हटलं, अहो, वाळू कुठं हाय आपल्यात? तर म्हणाले, गगनबावड्याला जाऊ. गगनबावड्याला यष्टी जाती की ओ! यष्टीला कुठं दांडा हाय? तर म्हणाले, दाजीपूरला जाऊ, जंगलात. दाजीपूरला आमचं लग्न झाल्यावर गेलतो, त्यानंतर एकदा न्हाय. पोरगं झालं, पोरगं पुण्याला शिकायला गेलं, तरी न्हाय. आता गाडीला दांडा आला की जायचं म्हणे. मी हसले तर राग आला. दोन दिवस बोलले न्हाईत. मग दोस्त घरी आले, त्यांच्यासमोर बोलले — नाद खुळा गाडी हाय, मिसेसनीच पसंत केलीय. मी? मी चहा आणून ठेवत हुते.

मग मी बी बघितलं सगळं. मास्तरीण हाय मी, अभ्यास करायची सवय हाय. वरच्या गाडीचे ते जाडे टायर — डांबरावर घूं घूं आवाज करत्यात, व्हय का न्हाय? ॲव्हरेज कमी पडतंय. स्टेपनी मागच्या दाराला टांगलीया, म्हणजे शाळेच्या भिंतीला लावून गाडी उभी केली की दारच उघडायचं न्हाय. ते लॉक हाय, ते एक चाक चिखलात नुसतं फिरायला लागलं तर दुसऱ्याला ताकद देतंय. बरोबर हाय? बघ, मान हलवलीस. आणि मघाशी तूच बोललीस, तू खरं बोललीस, म्हणून तर मी तुझ्याशी बोलत बसले — म्हणालीस, मॅडम, डांबरावर साधी न् वरची सारखीच पळती, फरक पडतोय तो रस्ता संपल्यावर. मग माझा रस्ता कुठं संपतो गं? कोल्हापूर ते वारणानगर कुठं संपतो?

— एका ठिकाणी संपतो.

पेठ वडगावपास्नं आत माझं माहेर. गावात न्हाय, रानातच घर. आई असती तिथं, आणि भाऊ, बाळासो. आणि — हे पैसे कुणाचे हायत ठाऊक हाय तुला? ह्या गाडीचे? माझे. पगारातले न्हवं. माहेरच्या वाटणीचे. बोलायचं न्हवतं मला हे, आलं तोंडातनं, आता आलं तर ऐक. आमच्यात बाप गेला की वर्षाच्या आत भाऊ बहिणींना बोलावतोय, पुरणाचं जेवण घालतोय, साडी नेसवतोय, आणि सही घेतोय. हक्क सोडला म्हणून. तुमच्यात कसं असतंय? तुमच्यात पोरींना हिस्सा असतोय म्हणे, देत्यात का खरंच? — हसलीस. न्हाय देत? बरं. म्हणजे सगळीकडं सारखंच की. आमच्या आक्कानं दिली सही, वाचलं बी न्हाय तिनं. तिला दर भाऊबीजेला साडी येती, उसाच्या रसाची घागर येती, गुळाची ढेप येती. मी न्हाय दिली. का द्यायची? वर्गात पोरींना मी काय शिकवते, पोरगा-पोरगी समान, फळ्यावर लिहून देते, आणि घरी येऊन सही द्यायची? ह्यांनी भरीला घातलं, व्हय, कायदा हाय, हक्क हाय, रोज रात्री तेच — पण मलाबी वाटलंच की. बाळासोनं विचारलं सुदिक न्हाय. दारात येऊन उभा राहिला न् म्हणाला, चल गं क्रांते, सहीला. चल गं म्हणे! दळण आणायला चल म्हणावं तसं. एकदा बसून बोलला असता, तायडे, मला अडचण हाय, तर कदाचित दिली बी असती. कदाचित. आता काय सांगावं.

मग बाळासो म्हणाला, जमीन तोडून देणार न्हाय, पैसे घे. आणि इकलं काय त्यानं? रस्त्याकडचा तुकडा. भाव त्यालाच की. इथल्याच एका माणसानं घेतला, घेतल्या घेतल्या तारेचं कुंपण मारलं. आणि मग सगळ्यांच्या ध्यानात आलं की घराकडं जायची वाट त्याच तुकड्यातनं हुती. खरेदीखतात वाट लिहून घ्यायची राहिली. कुणाच्या डोक्यातच आलं न्हाय! आजोबापास्नं त्याच बांधानं चालत आलेली माणसं, वाट बी लिहून घ्यायला लागती, असं कुणाला सुचणार? वकील हुता, तो बी बोलला न्हाय. त्याला काय, त्याचं घर तिथं न्हवतं. आता आमच्या घराला मागनं जायला लागतंय, पाणंदीतनं. ठाऊक हाय न्हवं पाणंद — दोन्हीकडं ऊस, मधनं बैलगाडीची चाकोरी, सगळी काळी माती. उन्हाळ्यात चालतंय. पाऊस लागला की गुडघाभर राड, ट्रॅक्टर रुततोय तिथं. ह्या पावसाळ्यात आई न्हाणीत पडली. मांडीचं हाड मोडलं. ॲम्ब्युलन्सवाला डांबरावरच थांबला, म्हणाला, पुढं येत न्हाय. चार माणसांनी खाटेवर घालून आणली तिला, त्या राडीतनं, वरनं पाऊस, खाट एकदा खाली टेकवली म्हणे वाटेत, माणसांचे पाय निघंनात म्हणून. मला फोन न्हाय केला कुणी. आक्कानं सांगितलं, ऑपरेशन होऊन आई घरी गेल्यावर, आणि सांगितलं कसं? तुझ्यामुळं गं, म्हणाली. तुझ्या वाटणीमुळं. मी म्हटलं, आणि बाळासोच्या वाटणीमुळं न्हाय? त्याला तर सगळंच मिळालं की. तर फोन ठेवला तिनं.

मी रडत न्हाय. एसी डोळ्यावर येतोय तुमचा.

हक्क मागितला, त्यात माझं काय चुकलं? कायच चुकलं न्हाय. कुणी बी सांगू दे मला चुकलं म्हणून. पण आईचा फोन बाळासोच्या बायकोकडं असतोय, आणि मी लावला की लागत न्हाय, ही गोष्ट खरी हाय.

एक सांग. खरं सांग हां, इकायला म्हणून सांगू नको. त्या राडीतनं जाईल ही वरची? गुडघाभर असली तरी? — व्हय म्हणतीस. मला बी वाटलंच. मघाशी हे गेल्यावर मी एकटी जाऊन बसलते ना त्या उभ्या केलेल्या वरच्या गाडीत, तू बघितलंस, तेव्हा तेच दिसत हुतं डोळ्यासमोर. दांडा टाकलाय, दोन्हीकडं ऊस, गाडी आपली हळूहळू चाललीया, रुतत न्हाय, आणि आई शेजारी बसलीया, डोक्यावर पदर घेऊन. पायरी न्हाय तर काय झालं, मी उचलून बसवली असती तिला. आता तिचं वजन ते काय राहिलं असंल. आणि मग आई काचेला हात लावून विचारणार, कशाची घेतलीस गं गाडी? काय सांगू तिला? तुझ्या वाटेची घेतली, असं सांगू?

हिकडं सरक जरा. हे मी घरात बी बोलले न्हाय. मागच्या आठवड्यात शाळा सुटल्यावर मी त्या माणसाला जाऊन भेटले. कुंपणवाल्याला. मला वाटलतं भांडंल, तसा वाईट न्हाय माणूस. चहा दिला. म्हणाला, मला कुठं ठाऊक हुतं तिथनं म्हातारी माणसं ये-जा करत्यात. कडेनं गाडी जाईल एवढी पट्टी सोडतो, तुमच्या नावानं खरेदी करा, पण भाव आजचा लागंल. बरोबर हाय, तो कशाला तोट्यात जाईल. मी घरी येऊन हिशेब घातला. आणि तुला खोटं वाटंल, अरीबा, तुमची साधी गाडी न् वरची गाडी, ह्यात जेवढा फरक हाय ना, तेवढ्यात ती पट्टी बसती. चिखलातनं जायची गाडी घ्यायची, का जिथं चिखलच लागणार न्हाय ती वाट घ्यायची? दुसरीतल्या पोराला घातलं तरी सोडवंल हे गणित. हे पैसे संपले की परत न्हाईत माझ्याकडं. वाटणी एकदाच मिळती. माहेर तर गेलंच हाय, निदान आईच्या दाराला ॲम्ब्युलन्स तर लागंल. बाळासो बोलंना, न बोलू दे. वाट माझ्या नावावर असंल, मी कुलूप थोडंच घालणार हाय त्याला? त्याचा ऊस बी जाईल त्यातनं, आणि जाताना रोज त्याला आठवंल, कुणाच्या जमिनीतनं जातोय ते. आठवू दे की जरा.

तेव्हा तू फॉर्मवर साधी लिही. पांढरी. पायरीची. लिही की, बघतीस काय? माझ्या नावावर. खातं दोघांचं हाय, पण सही माझी बी लागती, मी विचारून आले बँकेत. बरं का, हे आले की मी तोंडावर सांगणार — अहो, गाडी मी चालवणार, मला साधी पायजे, उरलेल्या पैशाचं मला काम हाय. दोस्त असले तर असू देत. त्यांच्यासमोरच सांगणार. इतकी वर्षं पोरांसमोर उभी राहून बोलते मी, दोन बाप्यांसमोर बोलायला काय भ्या हाय? सकाळपास्नं तेच घोकत आले. तू फकस्त मला विचार, त्यांच्यासमोर विचार, मॅडम, कुठली लिहू? मग बघ मी काय सांगते.

— आले व्हय? ते बघ, हसत्यात कसे.

या. झालं फिरून? कशी हाय ओ? ... अस्सं. उड्डाणपुलाच्या खालनं घातली? खड्ड्यातनं? ... व्हय, आवाज भारी असणारच. ... लाल? लाल बी चांगली दिसती. ... न्हाय ओ, कंटाळले न्हाय, ही पोरगी हुती की संगं, बोलत बसलतो. ... हां, पायरीचं? ते काय, सवय होईल. ... व्हय, व्हय, पसंत हाय म्हणजे काय.

काय गं? काय म्हणालीस? कुठली लिहू?

मला कशाला विचारतीस? साहेबांना विचार की. मला गाडीतलं काय कळतंय.

बघतीस काय अशी? जा, ह्यांना तिघांना चहा सांग. मला नको.