देवळाचा नंबर

मंडळी, एक प्रश्न विचारतो. उत्तर मनातल्या मनात द्या, शेजारच्याला कळू देऊ नका. नाव बदलून कुणाबद्दल वाईट लिहिलं, तर लिहिणारा खरंच लपतो का? आणि समजा लपला— तर केलेलं न केलेलं होतं का?

ऐका. समुद्राकाठी कातळवाडी नावाचं गाव. तिथल्या आरोग्य उपकेंद्रात शिरोडकर सिस्टर अकरा वर्षं काम करत होत्या. गावातल्या निम्म्या पोरांना पहिली सुई त्यांनीच टोचलेली. त्यामुळे सिस्टर समोरून आल्या की पोरं रस्ता बदलायची. हसताय? तुम्हीही बदलला असेल.

गावाची एक वेबसाईट होती. कॉम्प्युटर क्लास चालवणारी नंदिनी बोरकर ती सांभाळायची. जत्रेची तारीख, नळाला पाणी किती वाजता, कुणाची म्हैस कुठे हरवली, सगळं त्यावर. खाली कुणीही आपलं मत लिहावं, हवं ते नाव घालावं. एका मंगळवारी संध्याकाळी पाचच्या सुमारास लागोपाठ तीन मतं आली. शिरोडकर सिस्टर मुदत संपलेली लस टोचतात, असं पहिल्यात होतं. लिहिणारा ‘जागरूक नागरिक’. दुसरं, त्याच अर्थाचं, ‘एका आईचं काळीज’ यांचं. तिसऱ्याने नाव घेतलं होतं ‘निर्भीड’. आता जो निर्भीड आहे, त्याने नाव कशाला लपवावं? पण ते असो. रात्रीपर्यंत लोकांनी ती मतं मोबाईलवरून एकमेकांना पुढे पाठवली.

दुसऱ्या दिवशी लसीचा वार. तेवीस बाळं यायची होती, आली दोन. सिस्टर लसीचा डबा घेऊन घरोघर गेल्या, बाटलीवरची तारीख दाखवत फिरल्या. लोक दारातूनच सांगत, बाळाला सर्दी झालीय. एकाच दिवशी एकवीस बाळांना सर्दी! आणि इकडे खाडीपलीकडच्या वाडीत गोवराची दोन पोरं निघालेली. सिस्टरांना रात्री झोप लागेना, ती बदनामीने नव्हे, या गोवराने.

मग गाव शोधाला लागलं. शोध कसला, ठरलंच होतं. हरेश्वर तांडेल, ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर. महिन्यापूर्वी गाडीच्या किल्लीवरून त्याची सिस्टरांशी चकमक झाली होती. देवस्थानचे अध्यक्ष अप्पा खोत चहाच्या टपरीवर म्हणाले, हा त्याचाच उद्योग. सकाळी अप्पा म्हणाले, दुपारपर्यंत गाव म्हणू लागलं. हरेश्वराशी कुणी बोलेना. त्याच्या बायकोला हळदीकुंकवाचं बोलावणं आलं नाही.

रविवारी सकाळची आरती झाल्यावर देवळातच बैठक बसली. अप्पांनी कुठूनसं ऐकलं होतं की इंटरनेटवर प्रत्येकाचा एक नंबर असतो, आयपी ॲड्रेस म्हणतात त्याला. ते नंदिनीला म्हणाले, “नंबर वाचून दाखव. नंबर म्हणजे पुरावा. मग तांडेलचं काय करायचं ते गाव बघेल.”

नंदिनीने आधी समजावलं. आपण वेबसाईट उघडतो, तेव्हा मजकूर कुठे पाठवायचा हे तिला कळावं लागतं. टपालाने उत्तर हवं तर पत्ता द्यावा लागतो, तसं. म्हणून आपल्या कनेक्शनचा नंबर आपसूक तिकडे जातो, नाव कोणतंही घातलं तरी. त्यावरून कंपनी कळते, साधारण गाव कळतं, आणि कनेक्शन कुणाचं हे कंपनीला ठाऊक असतं. पण त्या कनेक्शनवर बोट कुणाचं चाललं, ते नंबर सांगत नाही.

अप्पा म्हणाले, प्रवचन नको, नंबर सांग.

तिने सांगितला. तिन्ही मतं एकाच नंबरावरून आली होती. आणि तो नंबर तिच्या ओळखीचा होता, कारण वेबसाईटवर थेट दर्शन दाखवायला म्हणून तो न बदलणारा, कायमचा घेऊन ठेवला होता. ती म्हणाली, “अप्पा, हा आपल्या देवळाचा नंबर आहे.”

मंडळी, सगळ्यांच्या माना दानपेटीकडे वळल्या.

देवस्थानने भक्तांसाठी फुकट वायफाय ठेवलं होतं. पासवर्ड दानपेटीच्या वर, पाटीवर रंगवलेला. त्या मंगळवारी पाच वाजता सभामंडपात भजनाला चाळीसजण बसलेले. कुणीतरी म्हणालं, कॅमेरा बघा. बघतात काय? कॅमेऱ्याचं तोंड गाभाऱ्याकडे. देव दिसतो, भक्त दिसत नाहीत.

अप्पांनी घसा साफ केला. म्हणाले, “तसं बघितलं तर नंबरावर काय आहे? नंबर काय, कुणाचाही असतो.”

हरेश्वर खांबाला टेकून उभा होता. त्या मंगळवारी तो पेशंट घेऊन जिल्ह्याला गेला होता, हे आत्ता चौघांना आठवलं. तो एवढंच म्हणाला, “माझा निघाला असता तर पुरावा होता ना, अप्पा?”

तेव्हा शिरोडकर सिस्टर उठल्या. त्या म्हणाल्या, “मला नाव नको. लिहिणाऱ्याच्या घरातही बाळ असेल. बुधवारी त्याला घेऊन या. गोवर कुणाचा नंबर विचारत नाही.”

आणि मंगळवारी त्याच वेबसाईटवर, त्याच देवळाच्या नंबरावरून एक ओळ आली. मी लिहिलं ते खोटं होतं, क्षमा असावी. थोड्या वेळाने दुसरी. संध्याकाळपर्यंत नंदिनीने मोजल्या तर नऊ. आरोप तीन, माफ्या नऊ! न लिहिता नुसतं पुढे पाठवणाऱ्यांनाही आपला हात आठवला होता. बुधवारी बाळं आली. अप्पा खोत नातीला कडेवर घेऊन रांगेत उभे राहिले. सिस्टरांनी सुई टोचली, विचारलं काहीच नाही.

झालं गोड? थांबा. हरेश्वराचं काय?

त्याच्याकडे कुणीच गेलं नाही. का? तर त्याच्याबद्दल जे बोललं गेलं, ते टपरीवर, पाणवठ्यावर, तोंडी. त्याची कुठे नोंद नाही, त्याला नंबर नाही, मग माफी कसली मागायची? पुढल्या महिन्यात त्याने तालुक्याला बदली मागून घेतली. जाताना गाडी धुऊन, किल्ली सिस्टरांच्या हातात देऊन गेला. गावाने एवढंच म्हटलं, चांगला माणूस होता.

मंडळी, मशीनकडे आपला माग राहतो म्हणून आपण मशीनला भितो. आणि ज्याच्या समोर बसून टाळ वाजवतो, त्याच्याकडे नोंद नसेल अशी आपली समजूत आहे का? गेल्या आठवड्यात आपण कुणाबद्दल काय बोललो, हे प्रत्येकाला आत्ता आठवतंय. माना खाली गेल्यात, मला दिसतंय. नाव सांगू नका. घरी जाताना फक्त त्याच्या दाराशी थांबा, कडी वाजवा.

तेवढं कराल, तर आजचं भजन पोचलं. घ्या टाळ, म्हणा देवाचं नाव.