रॉकेलची दवंडी

आमी कोरेगावच्या अंगाचं. बाप गावचा कोतवाल, त्येच्या मागं मी. सरकारचं कायबी सांगणं आलं की हलगी वाजवत गावभर दवंडी द्यायची, सारा भरा, ढोरांस्नी लस टोचा, आन लोक आयकायची बरं का, गणपा वरडला म्हंजी खरं आसणार, आसं म्हातारी माणसंबी म्हणायची. आई लवकर गेली, धाकटा भाऊ शिरपा माझ्याच हातानं वाढला, लय गुणाचं पोर. त्येचं लगीन ठरल्यालं, पोरगी औंधची, सुपारी फुटल्याली.

मग ती आणीबाणी आली. काय सांगू तुमाला, एक दिस साहेब जीप घिऊन आला, म्हणला उद्या रॉकेल वाटायचंय, घरटी एक बाप्या चावडीम्होरं यावा, दे दवंडी. दोन म्हयनं गावात रॉकेलचा थेंब न्हवता, मीबी खुशीनं वरडलो. शिरपाला म्हणलं, जा रं, डबा घिऊन जा. तितं रॉकेल कुटलं, ट्रक हुता. पोलिसांनी समद्यास्नी कोंबलं, शिबिरात नेलं आन नसबंदी केली. शिरपा वरडत हुता म्हणं, साहेब, माझं लगीन व्हायचंय, माझं लगीन व्हायचंय, कोण आयकतंय? पाचव्या दिशी पोरीच्या बापाचा निरोप आला, मोडलं म्हणून. शिरपा मला येवढंच म्हणला, दादा, तुझ्या दवंडीवर गेलो रं.

माझं डोस्कंच फिरलं. तीच हलगी घेतली आन बाजारादिशी गावभर वरडलो, आयका हो आयका, रॉकेलची दवंडी खोटी हुती, माणसं कुणाच्या हुकमानं नेली त्ये साहेबानं चावडीवर यिऊन सांगावं! ट्रकात नेल्याल्या गड्यांच्या बायका चावडीम्होरं यिऊन बसल्या, दोन दिस हालल्या न्हाईत. साहेब आला न्हाई, पोलीस आलं. बायांस्नी हुसकलं, मला धरलं. आवं, गुन्हा काय त्ये तरी सांगा म्हणलं, तर फौजदार म्हणतोय, इच्यारलंस ह्योच गुन्हा. इलेक्शान झालं, सरकार पडलं, तवा सुटलो.

औंदा गावात पटकी आली. नवा साहेब म्हणला, सुई फुकट टोचत्यात, दे दवंडी. ही खरी हुती वो! घसा फुटस्तोवर वरडलो, एक दार उघडलं न्हाई, बाप्ये उसात जाऊन लपलं. चावडीवर समद्यांदेखत मीच बाही वर करून टोचून घेतली, तर म्हणत्यात, गणपा, आता आनी कुणाला ट्रकात घालतोस? आन लागण झाली ती शिरपालाच.

त्यो बगा, दवाखान्यात आत पडलाय. डोळं खोल गेल्यात. नर्सबाई सलाईन लावाया गेली की हात पोटाखाली दाबून धरतोय. मी थोरला आसून त्येच्या पाया पडलो सकाळी. तर म्हणला, तू नगं सांगू.

तुमी परगावचं, शिकल्यालं. लिवायचं ऱ्हाऊ द्या वाईच. देव तुमच्या लेकराबाळांस्नी उदंड आविक्ष देवो, पर आत चला, आन त्येला सांगा, बाटलीत निस्तं मिठाचं पानी हाय म्हणून. तुमचं आयकंल त्यो.