हवेचा रुपया

हवेला पैसे पडतात हे मला बबनशेठनं शिकवलं. पावसाळ्यात पूल बुडला की मी दहिवलीहून कर्जतला जायला ट्रकच्या ट्यूबवर नदी ओलांडायचो. शेठचं कर्जतात सायकलचं दुकान. सायकलच्या हवेचे दहा पैसे, पण माझ्या ट्यूबला रोख रुपया.

"शेठ, हवेचा रुपया?"

"हवा फुकटच हाय रं. पंप मारायचे पैसे घेतो."

एकदा पूर चढला तेव्हा शेठ आमच्याच काठावर अडकला. पलीकडे पाणी त्याच्या दुकानाच्या पायरीला लागलेलं.

"मला पलीकडं ने रं तुझ्या ट्यूबवर."

"रुपया पडंल, शेठ."

"अरं, माझ्याच हवेवर बसायचा रुपया?"

"हवा फुकटच हाय, शेठ. हातपाय मारायचे पैसे घेतो."