कडूबाईंचा अड्डा

बेंबळीच्या एसटीत माझ्या पुढच्या सीटवर कडूबाई आणि त्यांची भाची सोनाली बसल्या होत्या.

"मामी, खरंच तुमच्यावर पिच्चर काढायलेत?"

"व्हय गं! चोरून बायांचा पत्त्यांचा अड्डा चालवला म्हणून."

"लई भारी! सही केली का न्हाय?"

"खेळणारणींची खरी नावं दिल्याबिगर पिच्चर न्हाय म्हणतेत."

"मग द्या की!"

"त्या समद्या आता सासवा झाल्यात. सुनांपुढं काय इज्जत ऱ्हाईल?"

"माझी सासू होती का त्यात?"

"सोने, गप बस."

"म्हणजे होती! अगं बाई! मामी, नावं सांगाच!"

"न्हाय."

"पिच्चर हातचा जाईल की!"

"जाऊ दे. त्यास्नी सांगते, म्या एकलीच खेळत होते. चारी जणींचे पत्ते म्याच धरायची."